मोजलेली माणसे, न मोजलेली गुरे : ‘ॲकलेड’ या माहितीसेवेचे परीक्षण

जोस हे शहर नायजेरियाच्या साधारण मध्यभागी येते. त्याच्या भोवतीच्या पठारावर आणि दक्षिणेकडे पसरलेल्या बेनुए नदीच्या खोऱ्यात गेली पंचवीस वर्षे शेतकरी आणि पशुपालक यांच्यात जो रक्तपात चालू आहे, त्याविषयी मराठीत वाचायला मिळते ते बहुधा आतल्या पानावरचे चार ओळींचे वृत्त असते : गावावर हल्ला, इतके ठार, परिसरात तणाव. या विषयावर एका अभ्यासगटापुढे दोन व्याख्याने देण्याचे मी मान्य केले, तेव्हा या चार ओळींच्या पलीकडे जाण्यासाठी मला ‘ॲकलेड’ या माहितीसेवेचा आधार घ्यावा लागला. आठ महिने ती जवळजवळ रोज वापरल्यानंतर तिच्याविषयी जे मत झाले ते येथे मांडत आहे. मी संख्याशास्त्रज्ञ नाही; एक सामान्य वाचक या सेवेतून काय मिळवू शकतो आणि कुठे फसू शकतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

‘ॲकलेड’ ही सशस्त्र संघर्षांच्या घटनांची नोंद ठेवणारी ना-नफा संस्था आहे. क्लिओना रॅली या राजकीय भूगोलाच्या अभ्यासिकेने तिची सुरुवात आफ्रिकेपासून केली. आफ्रिकेतील नोंदी १९९७ पासूनच्या मिळतात, तर भारताच्या २०१६ पासूनच्या. नोंदणीला पैसे पडत नाहीत. मात्र किती तपशील उतरवून घेता येईल हे वापरणाऱ्याच्या प्रकारावर ठरते, त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाचा किंवा संस्थेचा ईमेल पत्ता असेल तर तोच द्यावा. हाती येतो तो एक मोठा तक्ता. त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे एका दिवशी एका ठिकाणी घडलेली एक घटना, आणि तिच्यापुढे तारीख, गाव, दोन्ही बाजूंची नावे, घटनेचा प्रकार, मृतांचा आकडा, बातमीचा स्रोत आणि दोन-तीन वाक्यांचे टिपण असे रकाने असतात. सगळे इंग्रजीत आहे आणि गावांच्या नावांची वर्णजोडणी बातमीगणिक बदलत असल्याने शोधताना दोन-तीन प्रकारे नाव टाकून पाहावे लागते. तक्ता दर आठवड्याला वाढतो. जुन्या नोंदीही नवी माहिती आल्यावर सुधारल्या जातात. हे चांगलेच आहे, पण त्यामुळे आपण प्रत कोणत्या तारखेला उतरवली ते लिहून ठेवले नाही तर पुढच्या महिन्यात आपलीच बेरीज आपल्याला जुळत नाही.

आता ज्या कामासाठी मी ही सेवा घेतली त्याकडे वळते, कारण सेवेचे गुणदोष त्या कामाच्या संदर्भातच समजतात. जोसचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे आणि गुरांना मारक ठरणारी त्सेत्से माशी तिथे फारशी नसते. म्हणून फुलानी पशुपालक विसाव्या शतकाच्या आरंभापासून मोठ्या संख्येने तिथे येऊन राहिले. पठारावरचे बेरोम आणि इतर समाज शेती करणारे. मिशनऱ्यांच्या काळापासून ते बहुसंख्येने ख्रिस्ती झाले. फुलानी मुसलमान. दोघांचे दीर्घकाळ बरे चालले होते, कारण दोघांना एकमेकांची गरज होती : पीक निघाल्यावर गुरे शेतात उतरत, ताटे खात आणि खत टाकून जात, फुलानी बायका ‘नोनो’ म्हणजे आंबवलेले दूध घेऊन गावात येत आणि बदल्यात धान्य नेत. आपल्याकडे दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरणारे धनगर भातखाचरांत मेंढ्या बसवतात आणि शेतकरी त्याचा मोबदला देतो, त्याच जातीचा हा व्यवहार होता. पुढे लोकसंख्या वाढली, गुरे नेण्याच्या जुन्या वाटांवर नांगर फिरला, नदीकाठच्या ओलीच्या जमिनी, ज्या कोरड्या दिवसांत गुरांचा एकमेव आधार होत्या, त्या भाजीपाल्याखाली गेल्या, आणि उत्तरेकडच्या कोरड्या पट्ट्यातून, तसेच तिथल्या दरोडेखोरी व बंडाळीमुळे, कळपांना पूर्वीपेक्षा लवकर आणि पूर्वीपेक्षा खोलवर दक्षिणेत यावे लागले. पिकात गुरे शिरणे, गुरे कापली जाणे किंवा चोरीला जाणे, नुकसानभरपाईवरून हमरीतुमरी, एक खून, त्याचा सूड, अशी ही साखळी आहे. तिच्यावर आणखी एक थर चढतो तो भूमिपुत्राच्या दाखल्याचा. नायजेरियात स्थानिक शासन हा दाखला देते आणि नोकरी, शिक्षण, उमेदवारी यांत त्याला वजन असते. तीन पिढ्या जोसमध्ये राहिलेल्या हौसा (उत्तरेकडचा बहुसंख्येने मुसलमान समाज) किंवा फुलानी कुटुंबालाही तो नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे बांधावरचे भांडण आणि निवडणुकीचे भांडण एकमेकांत मिसळतात, आणि दोन्ही बाजूंचे धर्म वेगळे असल्याने ते मशीद आणि चर्चपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

सेवेची पहिली परीक्षा मी घेतली ती दोन्ही बाजूंच्या मृतांना तिथे सारखी जागा मिळते का हे पाहण्यासाठी. ही परीक्षा आवश्यक होती, कारण या विषयावरचे बहुतेक लेखन एकाच बाजूची प्रेते मोजते. येलवा या गावात फेब्रुवारी २००४ मध्ये सत्तरहून अधिक ख्रिस्ती मारले गेले, त्यांपैकी कित्येक चर्चच्या आवारात. मे महिन्यात त्याच गावात तारोक या बहुसंख्येने ख्रिस्ती समाजाच्या सशस्त्र टोळ्यांनी मुसलमानांची कत्तल केली आणि मृतांचा आकडा ७०० च्या आसपास गेला, तेव्हा अध्यक्ष ओबासांजो यांनी प्लेटो राज्यात, म्हणजे जोस ज्याची राजधानी आहे त्या राज्यात, आणीबाणी लावली. जानेवारी २०१० मध्ये जोसच्या दक्षिणेस कुरू करामा येथे मुसलमानांना मारून विहिरींत टाकले गेले. त्याच वर्षी ७ मार्चच्या पहाटे डोगो नहावा आणि आसपासच्या गावांत बेरोम स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने मारली गेली. ज्याला फक्त येलवाचा फेब्रुवारी माहीत आहे त्याला एक गोष्ट दिसते, ज्याला फक्त मे माहीत आहे त्याला दुसरी. तक्त्यात मात्र तारखेच्या क्रमाने लावल्यावर दोन्ही एकाखाली एक येतात, आणि डोगो नहावाच्या अगोदर कुरू करामा होते ही गोष्ट वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. मला ही या सेवेची सर्वांत मोठी देणगी वाटते. तिला आरंभबिंदू निवडायचा नसतो. भाषण करणारा, लेख लिहिणारा, प्रार्थनासभेत बोलणारा प्रत्येक जण ‘सुरुवात त्यांनी केली’ असे म्हणण्यासाठी एक तारीख निवडतो. तक्ता त्या तारखेच्या आधीची ओळही दाखवतो.

दुसरी परीक्षा आकड्यांची, आणि येथे नवख्या माणसाने सावध राहावे. ओळींची बेरीज म्हणजे हिंसेचे मोजमाप नव्हे. २०२३ च्या नाताळच्या आदल्या रात्रीपासून प्लेटो राज्यातल्या बोक्कोस, बारकिन लादी आणि मांगू या भागांत वीसच्या वर गावांवर एकापाठोपाठ हल्ले झाले. एक दिवस, एक ठिकाण, एक ओळ या नियमाने पाहिले तर अशा रात्रीच्या अनेक ओळी होऊ शकतात. उलट एकाच गावात शंभर माणसे मारली गेली तर ती एकच ओळ. कोणत्या महिन्यात किती ‘घटना’ झाल्या याचा आलेख काढून निष्कर्ष सांगणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यायला हवे, आणि मीही पहिल्या व्याख्यानाच्या टिपणात हीच चूक करून बसले होते, सुदैवाने ते टिपण कोणाला दाखवण्यापूर्वी लक्षात आली.

मृतांच्या रकान्याचेही तसेच आहे. संस्था स्वतःच सांगते की हा आकडा बातम्यांवरून घेतलेला अंदाज असतो आणि वेगवेगळे आकडे असतील तेव्हा ती कमीत कमी विश्वसनीय आकडा धरते. बातमीत नुसते ‘अनेक ठार’ असे असेल तर परिस्थिती पाहून ३ किंवा १० असा ठरावीक आकडा टाकण्याचा नियम आहे. हा नियम लपवलेला नाही, नियमपुस्तिकेत स्वच्छ लिहिलेला आहे, पण तक्त्यातला १० पाहताना तो मोजलेला दहा आहे की नियमाचा दहा, हे टिपण वाचल्याशिवाय कळत नाही. जून २०२५ मध्ये बेनुए राज्यातील येलवाटा येथे झालेल्या हत्याकांडानंतर ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने किमान १०० मृत सांगितले, तर स्थानिक चर्चकडून २०० पर्यंतचा आकडा आला. जून २०१८ मध्ये बारकिन लादी भागातील हल्ल्यांत पोलिसांनी ८६ मृत सांगितले, आणि स्थानिकांचा आकडा दुपटीहून अधिक होता. अशा ठिकाणी कोणताही एक आकडा रकान्यात बसवणे म्हणजे एका बाजूला नाराज करणेच आहे; कमीत कमी धरण्याचा नियम निदान सर्वांना सारखा लावला जातो, एवढे समाधान.

ठिकाणाच्या अचूकतेसाठी १ ते ३ असा दर्जा दिलेला असतो, आणि त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याचा नकाशा हमखास चुकतो. बातमीत गावाचे नाव नसून नुसता मोठा प्रदेश असेल तर घटना त्या प्रदेशाच्या मुख्य शहरावर ठेवली जाते. म्हणजे रानातल्या वाडीवर झालेला हल्ला नकाशात माकुर्डी शहरावरचा ठिपका होऊन बसू शकतो. दर्जा ३ च्या ओळी गाळूनच नकाशा काढावा.

यापेक्षा अवघड प्रश्न नावांच्या रकान्यात आहे. हल्लेखोरांसाठी तिथे ‘फुलानी वांशिक टोळी’, ‘बेरोम वांशिक टोळी’ किंवा ‘अज्ञात जमातीय टोळी’ अशी नावे येतात. तक्ता करायचा म्हटल्यावर काही तरी नाव द्यावेच लागते, हे मान्य. पण फुलानी हा पश्चिम आफ्रिकेत कोट्यवधींचा समाज आहे, त्यातले कित्येक शहरात राहणारे, शिक्षक, व्यापारी, राजकारणी आहेत, आणि रात्री मोटारसायकलींवरून आलेले पंचवीस बंदूकधारी त्या गावाशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले पशुपालक होते, दुसऱ्या राज्यातून आणलेले भाडोत्री होते की निव्वळ दरोडेखोर होते, हे बहुतेक वेळा वाचलेल्या शेतकऱ्यालाही अंधारात दिसलेले नसते. बातमीदार जे नाव छापतो तेच रकान्यात उतरते. तिकडची वृत्तपत्रे याबाबतीत एकसारखी नाहीत : एकाच हल्ल्याला एक पत्र ‘संशयित फुलानी’ म्हणते, दुसरे ‘अज्ञात बंदूकधारी’. म्हणून स्रोताचा रकाना पाहिल्याशिवाय नावाचा रकाना वाचू नये, असे मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

धर्माचा प्रश्न याच रकान्यातून उभा राहतो, आणि २०२५ च्या अखेरीस अमेरिकेच्या अध्यक्षांनी नायजेरियातील ख्रिस्त्यांच्या कत्तलीचा विषय जगापुढे आणल्यापासून तो फार मोठ्या आवाजात विचारला जातो आहे. त्या वेळी वृत्तसंस्थांनी याच सेवेचे आकडे दिले होते : जानेवारी २०२० ते सप्टेंबर २०२५ या काळात नायजेरियात नागरिकांवरील हल्ल्यांत २०,४०९ मृत्यू, त्यांपैकी बळीची ख्रिस्ती ओळख हे कारण म्हणून नोंदले गेले असे ३१७ मृत्यू, आणि मुसलमानांवरील हल्ल्यांत ४१७. याउलट नायजेरियातीलच एक संघटना २००९ पासून एक लाखाहून अधिक ख्रिस्ती मारले गेल्याचे सांगते. वाचकाला वाटते की दोघांपैकी एक कोणी तरी उघड खोटे बोलत आहे. या विशिष्ट प्रकरणात मोठ्या आकड्याची मोजणी कशी झाली हे तपासता येत नाही, ही त्या आकड्याची गंभीर उणीव आहे. पण ३१७ हा आकडाही ‘फक्त ३१७ ख्रिस्ती मारले गेले’ असा वाचणे तितकेच चुकीचे आहे. बेरोम गावावर फुलानी टोळीने हल्ला केला तर ती घटना जमातींमधील संघर्ष म्हणून नोंदली जाते. मृतांचा धर्म गावात सगळ्यांना माहीत असतो, पण हल्ल्याचे कारण धर्म होता असे बातमीत आले नाही तर धर्माच्या मोजणीत ती ओळ येत नाही. एप्रिल २०१८ मध्ये बेनुएतील म्बालोम येथे सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी दोन पाद्री आणि १७ भाविक मारले गेले, त्या घटनेत धर्म स्पष्ट दिसतो. शेतात निंदणी करताना मारल्या गेलेल्या चर्चच्या सदस्याचे काय, याचे उत्तर रकान्यात नाही. सेवेने हे निदान स्पष्टपणे मान्य करून व्याख्या छापली आहे. आकडे उचलणाऱ्या बऱ्याच जणांनी ती छापली नाही. मला विचाराल तर ही चूक सेवेची कमी आणि घाईने बातमी करणाऱ्यांची अधिक आहे, तरी मुखपृष्ठावरच्या आलेखाखाली ती व्याख्या एका ओळीत आली असती तर बरेच गैरसमज टळले असते.

आता ज्या गोष्टीसाठी मी दोन गुण कापते तिच्याकडे. घटनांचे सहा प्रकार आहेत : लढाया, नागरिकांवरील हिंसा, स्फोट, दंगली, निदर्शने आणि सहावा ‘धोरणात्मक घडामोडी’. जीवितहानी न होता झालेली लूट किंवा मालमत्तेची नासधूस या सहाव्या प्रकारात जाते, आणि या प्रकाराची नोंद सर्वत्र सारख्या काटेकोरपणे होत नाही, तिच्यावरून तुलना करू नये, असे संस्थाच बजावते. म्हणजे ज्या गोष्टींनी हे भांडण पेटते त्याच नेमक्या या सेवेच्या सर्वांत कच्च्या कोपऱ्यात आहेत किंवा कुठेच नाहीत. उभ्या मक्यात शिरलेला कळप तक्त्यात येत नाही. रात्रीत चोरीला गेलेली चाळीस गुरे बातमी झाली तर कदाचित येतील, आणि फुलानी तळ रस्त्यापासून दूर रानात असल्यामुळे ती बातमी होण्याची शक्यता कमी. पशुपालक म्हणतात की आमची गुरे विष घालून मारली तेव्हा कोणी आले नाही, आम्ही बदला घेतला तेव्हा सगळे कॅमेरे आले; हे म्हणणे प्रत्येक ठिकाणी खरे असेलच असे नाही, पण केवळ प्रेते मोजणाऱ्या तक्त्याला ते खोटे ठरवण्याचे साधनही नाही. कायद्यांचेही तसेच. बेनुए राज्याने २०१७ मध्ये मोकळ्या चराईवर बंदी घालणारा कायदा केला, १ नोव्हेंबरपासून तो लागू झाला, आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी गुमा व लोगो भागांत हल्ले होऊन ११ जानेवारी २०१८ रोजी माकुर्डीत ७३ शवपेट्या एकत्र पुरल्या गेल्या. त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत देशभरात अशा हिंसेत १,३०० हून अधिक माणसे मेल्याचे इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुप या संघर्षांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने म्हटले. तक्त्यात जानेवारी आहे. नोव्हेंबर शोधायचा तर राजपत्र आणि जुनी वर्तमानपत्रे उघडावी लागतात.

वाचलेली माणसे तर तक्त्यात येऊच शकत नाहीत. जून २०१८ च्या त्याच हल्ल्यांत, ज्यांत पोलिसांनी ८६ मृत सांगितले, न्घार गावचे वृद्ध इमाम अब्दुल्लाही अबुबकर यांनी २६२ ख्रिस्ती शेजाऱ्यांना आपल्या घरात आणि मशिदीत लपवले आणि दारात आलेल्या हल्लेखोरांना परत पाठवले. ही गोष्ट बातम्यांतून जगाला कळली आणि अमेरिकेच्या सरकारने २०१९ मध्ये त्यांचा सन्मान केला. घटना म्हणून नोंदायचे तर तिथे काही घडलेच नाही.

कोणी ही सेवा घ्यावी? पत्रकाराने, पदव्युत्तर विद्यार्थ्याने, आणि व्हॉट्सॲपवर आलेला आफ्रिकेतला एखादा आकडा पुढे ढकलण्याआधी पडताळून पाहण्याची इच्छा असलेल्या कोणीही. मोबाइलवर हे काम होत नाही. संगणक हवा आणि तक्ते हाताळण्याची जुजबी सवय हवी. पहिले दोन दिवस फक्त नियमपुस्तिका वाचण्यासाठी ठेवावेत, तिच्यातली भाषा रुक्ष असली तरी प्रामाणिक आहे. ‘कुठे’ आणि ‘कधी’ या प्रश्नांसाठी याहून चांगले विनामूल्य साधन माझ्या पाहण्यात नाही, ‘कोणी’साठी ते स्रोत तपासून वापरावे, ‘का’ हा प्रश्न त्याला विचारूच नये. माझ्याकडून पाचपैकी तीन गुण, आणि ते तीन मी मनापासून देते.

माझ्या संगणकावरच्या प्रतीत मी मृतांच्या आकड्याच्या डावीकडे एक जादा रकाना घातला आहे. त्याचे शीर्षक ‘आधी काय झाले’ असे आहे. बातम्या, चौकशी आयोगांचे अहवाल आणि मानवाधिकार संघटनांच्या मुलाखती वाचून मी तो हाताने भरते आहे : मक्याचे नुकसान, दोन गाई, पाण्याच्या डबक्यावरचे भांडण, निवडणुकीचा निकाल. प्लेटो राज्याच्या ओळी संपत आल्या आहेत, आणि त्या रकान्यातल्या बहुतेक जागा अजून रिकाम्या आहेत.